मागचा माणूस पुढे

माणसाला म्हातारपण नेमके कोणत्या दिवशी येते, हे सहसा कोणाला सांगता येत नाही. मला सांगता येते. २०२४ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात, राजगडच्या संजीवनी माचीवर, सकाळी साडेअकराच्या सुमारास ते माझ्याकडे आले आणि शेजारी येऊन बसले. तोपर्यंत मी नुसता निवृत्त होतो.

पण ही हकीकत अशी मधूनच सांगून चालायचे नाही. पहिल्यापासून सांगतो.

१९७६ च्या डिसेंबरात आम्ही चार मित्रांनी राजगड, तोरणा आणि रायगड हे तीन किल्ले एका दमात पायी केले होते. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो, बँकेत नुकताच चिकटलो होतो आणि लग्न व्हायचे होते. गो. नी. दांडेकरांची किल्ल्यांवरची पुस्तके वाचून डोके फिरलेल्या त्या वेळच्या अनेक पुणेरी पोरांपैकी आम्ही चौघे. पाठीवर खाकी सॅक, पायांत कॅनव्हासचे बूट, सॅकमध्ये तांदूळ, डाळ आणि रॉकेलचा स्टोव्ह. पहिली रात्र राजगडावर पद्मावतीच्या देवळात, दुसरी तोरण्यावर मेंगाईच्या देवळात, तिसरी घाटमाथ्यावरच्या मोहरी गावात आणि चौथ्या दिवशी दिवे लागायच्या सुमाराला रायगडावर. महाराजांनी ऐन तारुण्यात घेतलेला तोरणा, सुमारे पाव शतक राजधानी राहिलेला राजगड आणि १६७४ साली जिथे राज्याभिषेक झाला तो रायगड. एका थोर पुरुषाचे सारे आयुष्यच जणू एका वाटेवर पसरलेले आहे आणि आपण त्या वाटेने चालतो आहोत, असे आम्हाला तेव्हा वाटत होते. बावीस वर्षांच्या माणसाला असे पुष्कळ काही वाटते.

पुढे लग्न झाले, मुले झाली, बदल्या झाल्या. तरी किल्ल्यांचे वेड सुटले नाही. दिवाळीच्या सुटीत चार दिवस मित्रांबरोबर डोंगरात जायचे, हा माझा नेम पुष्कळ वर्षे चालला. मग गुडघे कुरकुरू लागले, मित्र एकेक करून गळाले, आणि २०१९ साली माझ्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत डॉक्टरांनी स्प्रिंग बसवली. दवाखान्यातून सोडताना त्यांनी गोळ्यांची लांबलचक यादी दिली आणि यादीच्या शेवटी लिहिले, ‘रोज चालणे’.

ती एवढी एकच गोळी मी आवडीने घेतली. आधी घराभोवती, मग पर्वतीच्या १०३ पायऱ्या, मग त्याच पायऱ्या सकाळी दोनदा. वर्ष-दीड वर्षाने डॉक्टरांची परवानगी काढून रविवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड सुरू केला. एके दिवशी कल्याण दरवाजाशी ताक पीत बसलो होतो. पाऊस नुकता संपला होता, हवा धुतल्यासारखी स्वच्छ होती आणि समोर राजगड आणि तोरणा शेजारी शेजारी उभे होते. दोघांनीही मला ओळखले, असे वाटले.

घरी येऊन मी माझा बेत जाहीर केला.

“बाबा, वय काय तुमचं?” आमच्या कन्येने फोनवरून विचारले. वय तिला ठाऊक होते. सौ. काहीच बोलली नाही. आमच्या घरात हे अधिक वाईट समजले जाते. माझ्या बाजूने उभा राहिला तो फक्त नातू, कन्येचाच मुलगा. एकोणीस वर्षांचा, कॉलेजात शिकणारा. त्याने कुठेतरी वाचलेली एका अमेरिकन आजीबाईंची गोष्ट सर्वांना ऐकवली. एमा गेटवूड त्यांचे नाव. अकरा मुलांची आई. १९५५ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, जरा फिरून येते एवढेच घरी सांगून या बाई निघाल्या आणि अॅपलेशियन पर्वतरांगेतली दोन हजारांहून अधिक मैलांची पायवाट एकट्या चालून आल्या. पायांत साधे कॅनव्हासचे बूट आणि खांद्यावर घरी शिवलेली पिशवी!

“त्यांना पुन्हा घरी येऊन अकरा मुलांचं करायचं नव्हतं,” सौ. म्हणाली. दोन दिवसांत तिने उच्चारलेले हे पहिले वाक्य. मग जरा थांबून ती म्हणाली, “जा. पण एका अटीवर. रायगडावर मी येणार. माझ्या गुडघ्यांना पायऱ्या झेपायच्या नाहीत. मी पाळण्यातून येईन, तुम्ही या चालत. चव्वेचाळीस वर्षं नुसतं रायगड, रायगड ऐकतेय. एकदा बघू तरी दे.”

रायगडाचा रोपवे १९९६ साली सुरू झाला. त्याला मी आजवर नाके मुरडत आलो होतो. पण अट मान्य करण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्या रात्री मी सवयीप्रमाणे मनातल्या मनात हिशेब केला. रायगडावर मी आजवर अकरा वेळा गेलो होतो. सौ. एकदाही नाही. बँकेत असा ताळेबंद समोर आला असता तर मी खुलासा मागवला असता. इथे मात्र तो तसाच मिटवून ठेवला आणि झोपलो.

*

म्हातारपणी दूरवर चालायचे म्हणजे खरी मोहीम निघण्यापूर्वीच लढायची असते. आठ महिने मी तयारी केली. डॉक्टरांनी पट्ट्यावर पळवून हृदयाची परीक्षा घेतली आणि तीन गोष्टी बजावल्या. एक, चढण श्वासाला जड जाते, पण गुडघे मोडते ती उतरण. तेव्हा उतरताना दोन काठ्या हव्यात. दोन, ओझे कमी. तीन, आणि ही मला नवी होती, म्हातारपणी तहान लागते पण ती कळत नाही. म्हणून तहानेची वाट न पाहता घड्याळाकडे बघून पाणी प्यायचे. १९७६ साली माझ्या पाठीवर बारा किलो ओझे होते. या वेळी पाचच किलो घेतले, आणि त्यातला बराचसा भाग औषधे, लोकरीचे कपडे आणि सौ.ने बांधून दिलेल्या दशम्या यांनीच व्यापला. पूर्वीच्या साडेतीन दिवसांच्या जागी सहा दिवस धरले. गडावर मुक्काम न करता पायथ्याच्या आणि वाटेतल्या गावांत राहायचे ठरले.

नातू आणि त्याचा एक मित्र बरोबर होते. पहाटे गुंजवण्यातून निघालो आणि चोर दरवाजाने पद्मावती माचीवर पोहोचायला मला तीन तास लागले. राजगड सुमारे साडेचार हजार फूट उंच. वर गार वारा सुटला होता, तळ्यावर ऊन पडले होते. सईबाईंच्या समाधीपाशी दोन मिनिटे उभा राहिलो आणि संजीवनी माचीकडे वळलो. संजीवनी म्हणजे अडीच-तीन किलोमीटर लांबीची, टप्प्याटप्प्याने उतरत जाणारी, दुहेरी तटाची अशी माची. तिच्या अळू दरवाजातून तोरण्याची वाट निघते.

मुले पुढे जात. एखाद्या बुरुजाच्या सावलीत बसून माझी वाट बघत. मी धापा टाकत पोहोचलो की हसून म्हणत, “आलात आजोबा? चला!” आणि उठून चालू लागत. असे तीनदा झाले. चौथ्यांदा मी पोहोचलो, ती दोघे उठली, आणि मी मटकन खाली बसलो. मला एकाएकी आमच्या चौघांतला तो चौथा आठवला.

तो जाडसर होता आणि नेहमी मागे पडायचा. १९७६ साली याच माचीवर आम्ही तिघे पुढे जाऊन बसायचो, चिक्की खायचो, त्याची वाट बघायचो. तो पोहोचला की आम्ही ताजेतवाने होऊन उठायचो. म्हणजे विश्रांती सगळी आम्हाला. त्याला ती दिवसभरात एकदाही मिळाली नाही. संध्याकाळी तो चिडचिड करू लागला, तेव्हा आम्हीच त्याला नावे ठेवली. त्यानंतर तो कधी डोंगरात आला नाही. आम्ही म्हणायचो, त्याला आवडच नाही. आज तो या जगात नाही. मागच्या माणसाला वाट कशी दिसते, हे त्याच्याकडून समजून घ्यायला मला सत्तेचाळीस वर्षे लागली.

म्हातारपण शेजारी येऊन बसले म्हणतो ते हेच.

*

राजगड आणि तोरणा यांना जोडणारी एक लांबलचक डोंगरसोंड आहे. तिच्या मधल्या खिंडीतून आता डांबरी सडक जाते. तिथे उतरलो तेव्हा सूर्य बुडत होता. जवळच्या वस्तीतल्या एका घरी मुक्काम ठरवलेला होता. घरधनी साठीचे, काटक, डोक्याला मुंडासे. मुलांनी त्यांना लगेच मामा करून टाकले. रात्री अंगणात शेकोटीपाशी बसलो असताना मी फारसा बोलत नव्हतो. त्यांनी ते पाहिले. मुलांकडून सकाळची हकीकत काढून घेतली आणि म्हणाले, “उद्या म्या येतो संगट. मोहरीत बहीण दिलीया माजी. तिलाबी भेटतो.”

सकाळी निघताना त्यांनी रांग लावली. सर्वांत पुढे मी, मग नातू, मग त्याचा मित्र, आणि शेवटी ते स्वतः.

“आजोबांना वाट कुठं माहीत आहे?” नातू म्हणाला.

“म्या मागनं सांगतो की. गुरं डोंगरातनं आणताना लंगडं गुरू म्होरं घालायचं. मग कळप फुटत न्हाई.”

या उपमेवर मुले पोट धरधरून हसली. मीही हसलो. पण त्या दिवसापासून चालणे बदलले, हे खरे. मी माझ्या पावलाने चालू लागलो आणि सगळे माझ्या पावलाने चालू लागले. थांबलो की सगळे थांबत, निघालो की सगळे निघत. कोणी कोणाची वाट बघत नव्हते. आणखी एक गंमत झाली. आदल्या दिवशी नुसती पुढे धावणारी ही पोरे आता इकडेतिकडे बघू लागली. वाळक्या कारवीतून उडालेला पक्षी, कातळावरचे शेवाळ, दरीत घिरट्या घालणारी घार, सारे त्यांना दिसू लागले. “आजोबा, काल हे काही नव्हतं का हो?” नातवाने विचारले. होते. काल तो फार वेगात होता.

सोंडेवरून चढून, कातळाचा टप्पा पार करून बुधला माचीवर आलो. तोरणा हा पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला, सुमारे चार हजार सहाशे फूट. महाराजांनी त्याला प्रचंडगड म्हटले ते उगाच नव्हे. पलीकडे मेंगाईचे देऊळ होते आणि तिथे जाऊन यायचे म्हणजे आणखी काही तास. मी घड्याळ पाहिले, गुडघे चाचपले आणि देवीला तिथूनच हात जोडले. मग बुधल्याच्या बाजूने पश्चिमेची वाट धरली. तो मुक्काम वाटेतल्या एका गावात झाला आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही मोहरीला पोहोचलो.

*

मोहरी हे पुणे जिल्ह्याचे पश्चिमेकडचे अगदी शेवटचे टोक. गावापुढे थोडे चालले की जमीनच संपते आणि हजारो फूट खाली कोकण दिसू लागते. समोर, कड्यापासून सुटून एकटाच उभा राहिलेला लिंगाण्याचा सुळका. आणि त्याच्यामागे, दरीच्या पलीकडे, रायगड. १९७६ साली या गावात पायीच यावे लागत होते. आता मोटार येते. मामांच्या बहिणीच्या घरात दिवा होता, दूरदर्शन संच होता आणि भिंतीवर पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाचा फोटो होता.

बहीणबाईंनी नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले आणि मिरचीचा ठेचा वाढला. पूर्वी त्या बाजाराला खाली कोकणात जात. डोईवर ओझे, पायांत वहाण नाही, सकाळी नाळ उतरायची आणि परतताना तीच चढायची. नाळ म्हणजे सह्याद्रीच्या कड्याला पडलेली चिंचोळी घळ. घाटमाथ्याच्या माणसाची कोकणात उतरायची ती शिडी. हे सगळे त्या असे सांगत होत्या, की जणू आम्ही मंडईत जाऊन भाजी आणतो.

मग त्यांनी मला विचारले, “मंडळी कुठं हायती तुमची?”

“रायगडावर येणार आहे. पाळण्यातून.”

“म्हंजी ती वरनं आणि तुमी खालनं,” त्या हसून म्हणाल्या. “आदी कंदी आनली न्हाई?”

मी भाकरीत लक्ष घातले. मिटवलेला ताळेबंद पुन्हा उघडला होता.

चौथा दिवस मोहरीतच विश्रांतीचा होता, पण माझ्या मनाला विश्रांती नव्हती. इथून खाली उतरायच्या दोन वाटा. एक बोराट्याची नाळ; तीव्र उताराची, मोठमोठ्या धोंड्यांनी भरलेली. ती लिंगाण्याच्या अगदी कुशीत उतरते. दुसरी सिंगापूरची नाळ. त्या मानाने सोपी आणि दापोली गावाकडे उतरणारी. ही दापोली रायगडाच्या खोऱ्यातली, समुद्राकडची प्रसिद्ध दापोली नव्हे. १९७६ साली आम्ही बोराट्याच्या नाळेने उतरलो होतो. आठ महिने पर्वतीच्या पायऱ्या चढताना माझ्या डोळ्यांपुढे हीच नाळ होती. ती उतरलो म्हणजे मी पूर्वीचाच आहे, असे मनाने कधीच ठरवून टाकले होते.

सकाळी मामांबरोबर रायलिंगाच्या पठारावर गेलो. लिंगाणा हाताच्या अंतरावर आल्यासारखा दिसत होता. मग नाळेच्या तोंडाशी उभा राहून खाली पाहिले. धोंडे तेच होते. पण एका धोंड्यावरून दुसऱ्यावर उडी मारणारा मुलगा आता कुठे होता?

“काय म्हणता मामा?” मी विचारले.

“नाळ काय पळून जात न्हाई. ती हितंच हाय,” ते तंबाखू मळत म्हणाले. “तुमास्नी मातुर घरी जायचं हाय.”

मी पुष्कळ वेळ तिथे बसलो. नातवाने सांगितलेल्या गेटवूडबाईंची आठवण झाली. त्यांच्या गोष्टीचा एक भाग त्याने रात्री मला एकट्याला सांगितला होता. त्या १९५५ च्या आदल्या वर्षीही निघाल्या होत्या. तेव्हा वाट चुकली, चष्मा फुटला आणि त्यांना परत फिरावे लागले. कोणालाही फारसे न सांगता त्या घरी परतल्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा निघाल्या. मी उठलो आणि म्हणालो, “सिंगापूरची नाळ.” मामांनी मान हलवली. शाबासकी वगैरे काही दिली नाही. लंगड्या गुराने बरोबर वाट धरली, तर गुराखी त्याला हार घालत नाही.

*

सोपी म्हटलेली नाळही मला सोपी गेली नाही. वाळके गवत, पायाखालून निसटणारा मुरूम, गुडघाभर उंचीच्या दगडी पायऱ्या. उतारावर मामांनी रांग बदलली. आता ते पुढे आणि मी त्यांच्या मागे, हात त्यांच्या खांद्याला पोहोचेल इतक्या अंतरावर. दोन तास सगळे लक्ष पावलांत होते, आणि त्यात घड्याळाकडे पाहायचे राहून गेले. तहान लागली नव्हती. म्हणजे लागली असणार, मला कळली नाही.

एका वळणावर डोळ्यांपुढे अंधारी आली. काठी सुटली. मी कोसळण्यापूर्वीच नातवाने मागून दंडाला धरले आणि खाली बसवले. मामांनी उपरण्याने वारा घातला. नातवाने साखर-मिठाचे पाणी तोंडाला लावले. छातीत दुखतंय का, डावा हात जड वाटतोय का, घाम येतोय का, तो विचारत होता. आईने त्याला पढवून पाठवलेले असावे. छातीत दुखत नव्हते. थोड्या वेळाने सगळे पुन्हा जागच्या जागी आले. तेव्हा मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. तो पांढराफटक पडला होता आणि त्याचे ओठ थरथरत होते.

तो चेहरा मी पूर्वी एकदा पाहिला होता. २०१९ साली, शस्त्रक्रियेच्या खोलीत मला आत नेताना, दाराशी उभ्या असलेल्या सौ.चा. त्या वेळी मी स्वतःच्याच काळजीत होतो. आपल्या जिवाचे ओझे आपण एकटेच वाहतो आहोत, असे माणूस समजतो. पाठीवरची सॅक पाच किलोची केली की भार हलका झाला, असे त्याला वाटते. बाकीचा भार कोणाच्या खांद्यावर आहे, हे असे कधीतरी दिसते.

अर्धा तास बसून आम्ही निघालो. त्यानंतर दर वीस मिनिटांनी नातू ‘आजोबा, पाणी’ म्हणत होता आणि मी आज्ञाधारकपणे पीत होतो. दापोलीत पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. गुडघे सुजले होते. मामा तिथून मागे फिरले. त्यांना त्याच दिवशी ती नाळ चढून मोहरी गाठायची होती. जाताना मुलांना म्हणाले, “आजोबांना म्होरं ठेवा.”

*

सहाव्या दिवशी पहाटे काळ नदीचे खोरे ओलांडले आणि चित दरवाजाकडून रायगड चढू लागलो. रायगड सुमारे सत्तावीसशे फूट, राजगड-तोरण्याहून ठेंगणा. पण पायऱ्या हजारावर आणि शेवटचा दिवस. येणारे-जाणारे विचारत, “आजोबा, एकटेच चढताय? रोपवे आहे की!” मी हसून मान हलवत असे. महादरवाजापाशी उन्हाने थांबवले. तिथल्या गार दगडाला पाठ टेकून बसलो. हे दोन प्रचंड बुरुज अकरा वेळा पाहिले होते. इतका वेळ बसून एकदाही पाहिले नव्हते.

हत्ती तलाव मागे टाकून होळीच्या माळावर आलो. पुढे बाजारपेठेच्या दुहेरी रांगा. त्यातल्या पहिल्याच उंच जोत्यावर सौ. बसली होती. शेजारी पाण्याची बाटली आणि वेताची करंडी. एखाद्या दुकानाची मालकीण गिऱ्हाइकाची वाट पाहत बसावी तशी. कन्या आणि जावई थोडे लांब उभे होते. मी चालत तिच्यापुढे गेलो. तिने मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिले. नग मोजून घेतल्यासारखे.

“वाळलात,” ती म्हणाली आणि करंडीतून तिळाचा लाडू काढून हातावर ठेवला.

थोड्या वेळाने आम्ही जगदीश्वराच्या देवळाकडे निघालो. मी सवयीने पुढे झालो होतो. दहा पावलांवर मागे वळून पाहिले, तर ती गुडघ्यावर हात ठेवून सावकाश येत होती. आणि माझ्या ध्यानात आले की चव्वेचाळीस वर्षे मी हेच करीत आलो आहे. पुढे जाऊन थांबायचे, ती पोहोचली की ‘चला’ म्हणायचे. विश्रांती मला, तिला कधी?

मी परत गेलो आणि म्हणालो, “तू पुढे हो.”

“मला कुठं रस्ता माहीत आहे?”

“मी मागून सांगतो.”

नातू माझ्याकडे बघून डोळे मिचकावून हसला. लंगड्या गुराची गोष्ट मात्र त्याने आजीला सांगितली नाही. शहाणा मुलगा आहे.

देवळापर्यंतचा रस्ता आम्ही तिच्या पावलाने चाललो. महाराजांच्या समाधीपुढे ती बराच वेळ हात जोडून उभी होती. मग आम्ही पूर्वेच्या बाजूला बसलो. हवा स्वच्छ होती. मी तिला बोटाने दाखवले. तो जवळचा लिंगाणा, ती मोहरीच्या पुढची कडेलोट भिंत आणि तिच्या पलीकडे, निळसर, तोरणा आणि राजगड.

“तिथून चालत आलात?”

“हो.”

ती कितीतरी वेळ बघत होती. मग म्हणाली, “इतकं सुंदर आहे हे. आधी का नाही आणलंत मला?”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर उत्तर देणे सोपे गेले असते. मुले लहान होती, आई अंथरुणावर होती, रजा मिळत नव्हती, पाहुणे यायचे होते. ही सगळी कारणे खरीच होती. पण ती कारणे कधी मला आडवी आली नाहीत, तिलाच आली. मी काही बोललो नाही. तिचा हात हातात घेतला. सत्तरीत असे केलेले चालते, कोणी बघत नाही. बघितलेच तर धरून उठवतो आहे, असे समजतात.

उतरायची वेळ झाली. चालत चढायचे आणि चालतच उतरायचे, हा माझा नेम आजवर मोडला नव्हता. “तुम्ही या सावकाश,” सौ. म्हणाली, “आम्ही खाली थांबतो.” मी काठ्या मिटल्या आणि तिच्यामागे पाळण्यात जाऊन बसलो. चार-पाच मिनिटांत आम्ही खाली आलो. अकरा वेळा मी जो कडा डोळे वर करून पाहिला होता, तो शेजारून, समोरासमोर, उलगडत वर जात होता. रोपवेला मी उगाच नाके मुरडली होती.

घरी परतताना वाटेत पाचाडला थांबलो. गडावरची थंड, वाऱ्याची हवा जिजाऊंना उतारवयात मानवेना, म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी इथे खाली वाडा बांधला. राज्याभिषेकानंतर थोड्याच दिवसांत, १७ जून १६७४ रोजी, त्यांनी इथेच देह ठेवला. ज्याच्यासाठी आयुष्य वेचले तो गड वर आणि आपण पायथ्याशी. इतकी वर्षे मी पाचाडवरून घाईने पुढे जात असे, कारण गड वर होता. त्या दिवशी सौ. समाधीपाशी निवांत बसली आणि मीही बसलो.

आता आम्ही दोघे रोज सकाळी पर्वतीला जातो. १०३ पायऱ्यांना आम्हाला चाळीस मिनिटे लागतात. वाटेत ती तीन ठिकाणी बसते आणि तिन्ही ठिकाणी मीही बसतो. परवा वरून तिने दूरच्या डोंगररांगेकडे बोट दाखवले आणि विचारले, “अहो, त्या राजगडाला पाळणा आहे का हो?”

“नाही.”

“मग पायऱ्या किती?”

मी सांगितले नाही. नुसते म्हणालो, “तू पुढे असशील, तर होतील.”